आई, तुम्ही बसा

प्रिय शालन,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवरच बोलले असते, पण या घरात मी फोन घेतला की आधी टीव्हीचा आवाज कमी होतो.

पुनावळ्याचा फ्लॅट छान आहे. समाधान पहाटेच कंपनीत जातो, सूनबाई उत्कर्षाची लॅपटॉपवर मीटिंग, नात शाळेत. मी सोफ्यावर. मध्ये एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि मी तिथेच कोथिंबीर निवडत होते, मला वासही आला नाही. तेव्हापासून ओट्याजवळ गेले की उत्कर्षा म्हणते, "आई, तुम्ही बसा." इतकं गोड म्हणते गं, भांडायला जागाच ठेवत नाही. पोळ्यांना बाई लावली आहे. तिच्या पोळ्या कडेला जाड असतात. मी मुकाट्याने खाते.

गेल्या महिन्यात ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. पुरणपोळ्यासुद्धा बाहेरून आल्या. वाढायला उठले, तर समाधान म्हणाला, "बस ना आई, तुझं वय आहे का आता?" मला फोटोशेजारी खुर्चीत बसवलं. माणसं आधी फोटोच्या पाया पडत होती, मग माझ्या. हार तेवढा मला नव्हता. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. थेरगावच्या खोलीत आपण दोघी डब्यांच्या पोळ्या लाटायचो, तेव्हा मांडी घालून पायाला मुंग्या यायच्या, आठवतं? चिमटा काढला तरी कळायचं नाही. आता माझं सगळंच तसं झालंय. दुखत काहीच नाही.

परवा तू फोनवर सहज बोलून गेलीस, की चाकणच्या तुझ्या खानावळीत पोळ्या लाटणारी मिळत नाही, पहिल्या शिफ्टच्या पोरांचे डबे रखडतात. शालन, मला ठेव. गॅसजवळ नको, भाजणारी दुसरी बघ. मी लाटेन आणि मागच्या खोलीत झोपेन. घरात अजून बोलले नाही. समाधान लोकांची भीती घालेल, उत्कर्षा रडेल. तू हो म्हणालीस तर त्यांचं सगळं ऐकून घेईन आणि निघेन. काल बाई आली नव्हती, सूनबाई मीटिंगमध्ये होती, तेव्हा एक पोळी लाटून पाहिली. गोल आली. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाणी आलं. मी आले की दारात बस म्हणू नकोस, पोळपाट दे.

तुझीच,
भिमा