पाचवी फेरी

सिस्टर, हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. वर्गात एक मराठी शब्द तोंडून गेला की तुम्ही बाकावर उभं करायचात. आता करून दाखवा. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही सत्तरीला टेकले, तरी गेल्या आठवड्यात तुमच्या एका शिस्तीपायी एक माणूस जिवाला मुकता मुकता राहिला. हे ऐकवायला मला दुसरं कोणी नाही.

सातवीतला तो दिवस तुम्हाला आठवणार नाही, तुमच्यासाठी तो रोजचाच होता. मी बाकावर सांडलेली शाई पुसता पुसता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते आहे. उत्तर बरोबर आहे. तरी तुम्ही येता, खडूने माखलेल्या दोन बोटांनी माझी हनुवटी धरता आणि तोंड स्वतःकडे वळवता. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, नजर दुसरीकडे ठेवून बोलतात ती लबाड माणसं. वर्षभर हे तुम्ही असं घोटून घेतलंत की पुढे नवऱ्याशी भांडतानाही मी तव्यावरची पोळी करपू दिली, पण मान वळवून बोलले. त्याच वर्षी शाळेतल्या एकुलत्या एका मायक्रोस्कोपला तुम्ही सगळ्यांच्या आधी मला डोळा लावू दिलात, हेही खरं. त्यातूनच शिकागोच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधली माझी सगळी नोकरी निघाली. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, एकेक चौकट, एकेक पेशी. त्यामुळे बघणं मला येतं, असा माझा समज होता.

माझी मुलगी अलास्कात छोटं विमान चालवते. जिथे रस्ते नाहीत अशा गावांना टपाल, किराणा, आजारी माणसं नेते-आणते. हे काम तिला ज्या म्हाताऱ्या पायलटने शिकवलं, नदीच्या वाळूवर विमान कसं उतरवायचं ते शिकवलं, तोच एका संध्याकाळी परतला नाही. विमान पडल्यावर आपोआप सिग्नल देणारं यंत्र असतं, तेही मुकं. मी सुट्टीला तिच्याकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी उजव्या खिडकीला बसून खाली बघणारं माणूस कमी पडलं. शोधाची आखणी करणाऱ्या गृहस्थांनी माझे पांढरे केस बघून, हे काम वाटतं तितकं सोपं नाही, असं गोड आवाजात सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या रक्ताची तपासणी माझ्यासारख्याच म्हातारीने केली असेल, तेव्हा नाही घाबरलात ते.

मुलीने दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. पट्टा बांधताना तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली. "आई, लिसन. काही दिसलं तर नजर तिथून हलवायची नाही. तू फक्त बोल, विमान मी वळवते." कानावर हेडफोन, तोंडासमोर माइक. कुणाकडे बघून बोलायची काही गरजच नव्हती.

आम्हाला शोधायला नकाशावरचा, नदीच्या वळणाजवळचा एक चौकोन दिला होता. खाली झाडंच झाडं, सगळी सारखी, मधूनच पिवळी पडू लागलेली. तासाभराने मला निळं दिसलं. नखाएवढं. आणि सिस्टर, मी काय केलं असेल? मान वळवली, मुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, तिकडे काहीतरी निळं आहे गं.

परत खाली बघते तर नुसती झाडं.

ती विचारते आहे, "व्हेअर, आई? कुठे?" आणि मला बोट दाखवता येत नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने यंत्रात जागेची खूण केली, विमान वळवलं आणि त्याच रेषेवरून परत आली. दुसरी फेरी, तिसरी, चौथी. ऊन कलत होतं, सावल्या झाडांखालचं सगळं गिळत होत्या. मग ती शांतपणे म्हणाली, परतीचं इंधन सोडून आता एकच फेरी होईल. तिचा चेहरा कसा होता मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. कपाळ काचेला टेकवलं आणि लॅबमध्ये बघायचे तसं बघू लागले. एक चौकट, थांब, पुढची चौकट, थांब.

"शेंडा मोडलेलं झाड," मी काचेलाच सांगितलं. "त्याच्या मुळाशी निळी ताडपत्री. माझी नजर तिथेच आहे बाळा, तू वळव."

ती वळत राहिली, मी बोलत राहिले. फांद्यांमधून एक पंख दिसला. मग ताडपत्री हलली आणि तिच्याखालून एक हात वर आला. मुलगी रेडिओवर त्या जागेचे आकडे सांगू लागली. आम्हाला तिथे उतरता येणार नव्हतं. हेलिकॉप्टर आलं, त्याला उचललं. एक पाय मोडलाय, बरगड्या दुखावल्यात, तोंड शाबूत आहे. हॉस्पिटलात आम्हाला बघताच म्हणाला, "पाच वेळा डोक्यावरून गेलात. पत्ता सापडत नव्हता का?" मुलगी पटकन म्हणाली, उन्हाची तिरीप होती, दिसत नव्हतं. तो हसला. मीही हसले.

तिरीप नव्हती, सिस्टर. गुरुवारी तो कुबड्या घेऊन आमच्याकडे जेवायला येतोय. त्याला तिखट चालतं, मी मटण करणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात शोधाला माणसं लागली तर मी येऊ का, हेही त्याला विचारायचं आहे, पण त्याआधी पहिल्या फेरीचं सांगायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नव्हतंच. त्याला सांगण्याआधी एकदा कुणाला तरी सांगून बघायचं होतं.