साडूकडची चिलटं

३ फेब्रुवारी
सासऱ्यांनी कोकोची बाग मधोमध दोरी बांधून वाटली. अर्धी मला, अर्धी साडूला. एका हंगामापुरती. ज्याची झाडं जास्त लगडतील त्याच्या हाती सगळी बाग, दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राबायचं. निकाल आजच लिहून ठेवतो: मी. साडू आळशांचा राजा. त्याला हाताखाली घ्यावं लागणार, एवढंच टेन्शन.
संकल्प: चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी
चिडलो. झाडांखाली घोटाभर कुजका पाला, फोडलेल्या फळांची सडकी टरफलं, वर चिलटांचे थवे. बाग आहे की उकिरडा? सासरे म्हणाले, पाला असू दे, झाडांना लागतो. म्हातारपणी माणसाला घाण दिसत नाही.

१२ फेब्रुवारी
माझा भाग लख्ख. पाला टाकला दोरीपलीकडे. चोरून नाही, दिवसाढवळ्या, साडूच्या डोळ्यांदेखत. भांडेल वाटलं. तर खुर्चीतूनच म्हणाला, अजून असेल तर आणा दादा. तळपायाची आग मस्तकात गेली. टरफलंही त्याच्याकडेच ओतली. आता रोज ओतणार.

२ मार्च
फवारणी. चिलटं खलास. खोडावरच्या काळ्या मुंग्याही. खारींसाठी डबा बडवतो, माकडांसाठी शिट्टी. बायको विचारते, मग फुलांवर बसणार कोण? म्हटलं, फुलं काय बसायला ठेवलीत?
फुलं मात्र माझ्याकडेच जास्त. थेट खोडावर, पांढरी, नखाएवढी. साडूची दया येते.

२१ मार्च
फुलं गळाली. झाडून सगळी. नालायक! साडूकडे खोडाखोडावर बोटभर हिरवी फळं. नक्की चोरून काहीतरी औषध घालतो. दिवसभर पाळत ठेवली. दिवसभर झोपला होता.

२२ मार्च
सासऱ्यांनी भिंग दिलं आणि साडूकडचं फूल दाखवलं. आत एक चिलट. टाचणीच्या डोक्याएवढं. पराग अंगाला माखून निघालं, पुढच्या फुलात शिरलं. सासरे म्हणाले, या फुलात मधमाशीचं काम नाही, ते हेच करतं. आणि हे वाढतं कुजक्या पाल्यात, सडक्या टरफलांत. मग आधी नाही सांगायचं? म्हणाले, सांगितलं होतं. म्हाताऱ्यांना हे म्हणायची सवयच असते.

४ एप्रिल
खोडांवर नवी फुलं आली. चिलटावाचून काय अडतं? बायकोचा मेकअपचा ब्रश घेतला. फुलाफुलात फिरवतो. कंबर गेली. पण फळ धरलं! चार!

१९ एप्रिल
चारही काळी पडली. कसले तरी किडे रस पिऊन गेले. बायको म्हणे, मुंग्या असत्या तर त्यांनी हुसकले असते. हिला कोणी विचारलं?

२० एप्रिल
मान खाली घालून साडूकडे माझाच पाला परत मागितला. तो म्हणाला, न्या की. सासरे म्हणाले, हात लावायचा नाही. माकडांनी तिथे गेल्या हंगामातली उरलीसुरली पिकली फळं फोडली, गर चोखला, बिया थुंकल्या. पाल्यातून रोपं वर आलीत, ती मोडतील. माकडं माझ्याकडे का येत नाहीत? कृतघ्न!

१४ सप्टेंबर
निकाल. सासऱ्यांनी साडूला विचारलं, एवढा पाला जमवलास कुठून? साडू म्हणाला, मी कुठला? सगळा दादांनी आणून टाकला, रोज, न कंटाळता. मी लगेच म्हटलं, ऐकलंत ना, म्हणजे पीक माझंच. सासरे म्हणाले, मग स्वतःच्या झाडांना का नाही घातलास? तेही भरल्या घरात, बायकोसमोर.
बाग साडूची.

संध्याकाळी
साडूने पहिलं पिकलं फळ फोडून पुढे केलं. म्हणाला, पहिला मान तुमचा दादा. कुचेष्टा असती तर बरं झालं असतं. मनापासून म्हणाला. पांढरा गर तोंडात टाकला. गोड होता. त्याचाच जास्त संताप आला.