शून्य नव्हे, गैरहजर

४ ऑगस्ट, सोमवार

शून्य म्हणे! कार्ड सापडलं नाही तर शून्य परत पाठवा!

सुदर्शन हसत हसत म्हणाला, "मॅडम, प्रोग्रामची एक ओळ तर बदलायचीय. आपल्या ज्युनिअर चिन्मयच्या तात्पुरत्या आवृत्तीत तसंच होतं. आजवर कुणी ओरडलं का?" प्रोजेक्टचा प्रमुख तो, म्हणून बोलणं तिथंच संपलं.

आमचं पॅनेल विषारी अमोनिया वायूची गळती ओळखतं. बर्फाच्या कारखान्यांत लावतात. सेन्सरच्या कार्डानं शून्य सांगितलं, की हवा स्वच्छ, बिनधास्त काम करा. आणि कार्डच नसेल, तरीही शून्य?

५ ऑगस्ट, मंगळवार

रागातच झोपले, रागातच उठले. म्हणून मुद्दा इथं मांडते. निदान स्वतःला पटतो का बघू.

जुन्या पॅनेलमध्ये इंटेलची चिप. कार्ड बसवायच्या रिकाम्या खाचेला, म्हणजे स्लॉटला, विचारलं, की सगळे अंक एक-एक-एक असे परत येतात. ओळखता येतं. नव्या पॅनेलमध्ये एआरएमची. तिथं रिकाम्या जागी विचारलं की अख्खं यंत्र थिजतं. उद्या तिसरी चिप येईल, तिची तऱ्हा आणखी वेगळी. म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे चिपशी थेट बोलणाऱ्या सगळ्यात खालच्या प्रोग्राममध्ये, मी एकच दार ठेवलं. वरच्या प्रोग्रामनं एवढंच विचारायचं — अमुक स्लॉटमध्ये कोण आहे? चिप कुठली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रत्येक चिपचे लाड खाली तिच्या तिच्या फाइलीत. आणि उत्तर दोन भागांत: आधी कार्ड आहे की नाही, मग त्याचा आकडा. हे दोन भाग एकात कालवायचे नाहीत. बस्स!

जेवताना अतुलला सांगितलं. नवरा शाळामास्तर. म्हणाला, "गैरहजर पोराला मी गुणपत्रिकेत शून्य लिहिलं, तर त्याचा बाप माझी गचांडी धरेल." बरं वाटलं. मग वाढून घेता घेता म्हणाला, "पण तुला बरोबर ठरायची जरा हौसच आहे हं."

झोंबलं. आहे का मला हौस? थोडी आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

हद्द झाली!

सुदर्शननं शून्याचा बदल चिन्मयकडून करून घेतला. आणि खाली 'तपासलं' म्हणून नाव कुणाचं? माझं! जो तपासतो तो आपलं नाव स्वतः लिहितो. दुसऱ्यानं लिहायचं नसतं. ती सही आहे, सही!

चिन्मय पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "सर म्हणाले, तुमचं बोलणं झालंय."

सुदर्शनला गाठलं. "अहो मॅडम, नावाचं काय एवढं! सगळं घरचंच आहे ना."

घरचंच! "मग बँकेतही माझी सही करणार का?"

"तुम्ही लोक प्रत्येक गोष्ट तत्त्वावर नेता."

तुम्ही लोक — म्हणजे कोण? विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्याचाही राग येतोय.

तो बदल मीच काढून टाकला. माझी आवृत्ती पुढे पाठवली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सुदर्शन बोलत नाही. डबाही वेगळा खाल्ला. बरं!

११ ऑगस्ट, सोमवार

पैठण रस्त्यावरच्या एका बर्फ कारखान्यात धम्मपालभाऊंनी माझी आवृत्ती चढवली. बाहेरची दुरुस्ती तेच बघतात. पॅनेल म्हणतं — सेन्सर कार्ड नाही. आणि चिन्मयच्या आवृत्तीवर उन्हाळाभर तिथं हिरवा दिवा होता!

सुदर्शन सगळ्यांसमोर: "घ्या! धडधाकट पॅनेल आजारी पाडलं. जुनी आवृत्ती चढवा परत, आजच्या आज."

मान वर करवेना. कार्डाला जागं व्हायला वेळ लागतो. मी घाईनं विचारतेय का? आमच्या टेबलावरच्या पॅनेलमध्ये कार्ड लावून पाहिलं, काढून पाहिलं. उत्तर बरोबर येतं. तरी धाकधूक. चूक माझी निघाली तर त्याची माफी मागावी लागेल. मागेन, सगळ्यांसमोर.

पण धम्मपालभाऊंना फोन केलाच. "जुनी चढवू नका. उद्या झाकण उघडून कार्ड बघा."

"ताई, साहेब लई तापलेत."

"तापू द्या."

"मंग तुमच्या नावावर उघडतो!"

"उघडा." निदान या वेळी विचारून तरी घेतलं नाव.

१२ ऑगस्ट, मंगळवार

धम्मपालभाऊंचा फोन, कारखान्यातूनच. "ताई, कार्ड बिघडलं नाय. कार्डच नाय! स्लॉटवरची प्लास्टिकची टोपी बी कुणी काढली नाय. साहेबांना सांगितलं, तर म्हणले, झाकण लाव, कार्डं पुढच्या महिन्यात यायचीत."

म्हणजे सुदर्शनला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"भाऊ, आत माणसं आहेत?"

"हायेत की. पाळी चालू हाय."

"बाहेर काढा. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग बोलू."

ते ओरडत आत गेले. फोन चालूच होता. मागं कुणीतरी हसून विचारत होतं — "काय ओ, आज इतक्या लवकर चहा?"