लहान दगडाच्या बांगड्या

बा, आज सकाळी गोऱ्यांच्या कब्रस्तानात जाऊन आले. तू गेल्यापासून त्या फाटकाकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नगरपालिकेनं त्याच्यासाठी पुन्हा निधी मंजूर केला. तुझ्या वेळची भिंत खचली होती ती उभी राहिली, पायवाटेवर फरशी आली, दिवे लागले. जुन्या माळ्याची मुलगी म्हणून मला उद्घाटनाचं बोलावणं होतं. पहिल्या रांगेत खुर्ची, हातात गुच्छ. सगळे तुझी तारीफ करत होते आणि मी आतल्या आत जळत होते. या वयात, बा!

जळायला मी तिथंच तर शिकले. तू नगरपालिकेचा माळी, पण जीव अडकला तो गावाबाहेरच्या त्या जुन्या थडग्यांत. आपल्या मळ्यातली वांगी आणि मेथी मी आणि माय बाजारात नेत असू, आणि मळ्यातला मोगरा मात्र तू मुळासकट खणून तिकडे नेलास. दुष्काळात विहिरीनं तळ गाठला, आपले वाफे करपले, तेव्हाही सायकलला पाण्याचे डबे बांधून तू त्याच वाटेनं जायचास. माय म्हणायची, "जित्या मानसाचं पाहा जरा." तू नुसता हसायचास. मला मात्र हसू येत नसे.

दुष्काळ सरल्यावर तू भिंतीसाठी नगरपालिकेच्या मागे लागलास. आत गुरं शिरत, लोक घडीव दगड उचलून नेत. सभा होती त्या दिवशी मी तुझा डबा घेऊन आले आणि दारातच थबकले. एक सदस्य ओरडत होता, "मेल्या गोऱ्याईवर कायले पैसा लावता? इथं नळाले पानी नाही!" आणि तू, मास्तरांसमोरही मान वर न करणारा माझा बा, अध्यक्षांपुढे हात जोडून बोलतो आहेस, "मायबाप, त्याईचं कोनी येत नाही, म्हून मी बोलून राह्यलो. ढोरं तुडवतात. निदान आडोसा तं करा." मॅट्रिकनंतर मला वाशीमला राहून शिकायचं होतं. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून याच अध्यक्षांकडे एक शब्द टाक, असं मी तुला किती विनवलं होतं. "मले नाही जमत बोलाले," म्हणाला होतास. जमत होतं की! भिंत मंजूर झाली. मी डबा उंबऱ्यावर ठेवून निघून आले.

मग त्या बांगड्या. नागपंचमीच्या तोंडावर तू कारंज्याला जाऊन आलास. खुंटीवरचा तुझा सदरा धुवायला काढला तर खिशात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. मी एक घालून पाहिली, मुठीवरच अडली. तरी मला राग आला नाही. वाटलं, बा माप चुकला, त्याला मी अजून लहानच दिसते. त्या आनंदात मी त्या गुपचूप परत ठेवल्या आणि तू हातात देशील म्हणून वाट पाहत बसले. नागपंचमी आली आणि गेली.

पुढे अकोल्याहून भिंतीचं काम पाहायला इंजिनिअर साहेब आले. त्यांचा चहा घेऊन मी कब्रस्तानात गेले तर मोगऱ्याजवळच्या सगळ्यांत लहान दगडावर माझ्या बांगड्या! माझ्याच म्हणते मी.

"हे काय रे?" साहेबांनी विचारलं.

"लेकरू हाय साहेब. पोरगी असन," तू म्हणालास. "मोठ्याईले मोठे गोटे. हिचा लहान हाय नं."

साहेबांनी वाकून इंग्रजी अक्षरं वाचली आणि ते हसतच सुटले. "अरे, हा सत्तरीतला कॅप्टन आहे! म्हाताऱ्याला बांगड्या भरल्यास तू!" मजूर खो खो हसले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तू म्हणालास, "असन साहेब," आणि मोगऱ्याला पाणी घालायला लागलास. बांगड्या काही उचलल्या नाहीस.

घरी येऊन मी मायला सगळं नकलांसकट सांगितलं. ती हसली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली, "तुया आंधी एक पोरगी व्हती आमाले. चालाले लागली व्हती. आपल्यात एवढ्याश्या लेकराले जाळत नाहीत, पुरतात. नाल्याकाठी पुरली, वर एक लहान गोटा ठेवला तुया बानं. त्याच साली पूर आला अन् नाल्यानं काठच नेला. मंग त्यानं कुठं जावं, सांग बरं?"

कुणालाही वाटेल, हे ऐकून माझं मन निवळलं असेल. छे! म्हाताऱ्या कॅप्टनचा हेवा करणं सोपं होतं, त्याच्यावर निदान हसता येत होतं. पण जिनं तुला कधी उलट उत्तर दिलं नाही, कधी काही मागितलं नाही, जी कधी मोठीच झाली नाही, तिच्याशी मी कशी बरोबरी करणार होते? पुढं मामाकडे राहून मी शिकले, मास्तरीण झाले. तू सगळ्या गावाला पेढे वाटलेस, ते मी विसरले नाही. तरी त्या दिवशीही पेढ्याचा पुडा घेऊन तू आधी तिकडेच गेलास. तुझ्या अस्थी आम्ही पैनगंगेत सोडल्या. तुझं म्हणून बसावं असा दगड मला कुठंच नाही, बा. त्या कॅप्टनला आहे.

आज जाण्याआधी मी कारंज्याहून हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, लहान मापाच्या. कासारानं विचारलं, "नातीले काय बाई?" मी हो म्हटलं. त्या लहान दगडावर ठेवायच्या आणि हे जळणं एकदाचं मिटवून टाकायचं, असं ठरवून गेले होते. मोगरा आता कुंपणाएवढा पसरलाय. दगड धुऊन काढलाय, अक्षरं लख्ख दिसतात. मी पिशवीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

हे पत्र कुठं टाकायचं, मला ठाऊक नाही, आणि टाकणारही नाही. म्हणून सांगते. बांगड्या मी तिला दिल्या नाहीत. घरी घेऊन आले, हाताला साबण लावला आणि एक चढवून पाहिली. अजूनही मुठीवरच अडते. उजव्या हातानं हे लिहितेय, आणि डाव्या हाताच्या बोटांवर ती तशीच आहे.