पैठणला न गेलेला तुकडा

माय, तू अजून याच शहरात आहेस हे मला परवा कळलं.

दुष्काळ होता तेव्हा. पैठणला गोदावरीत घोट्याएवढं पाणी. दादानं धार शोधत पार पलीकडं जाऊन तुझ्या अस्थी सोडल्या. मी काठावर उभी राहून मनाशी म्हटलं, सुटली माझी माय. इतकी वर्षं त्याच समाधानात होते. परवा तुझी नात, माझी लेक, जेवताना म्हणाली, "आई, आजीची गाठ काढली होती ना, तिचा तुकडा दवाखान्यात अजून आहे. मेणात बसवून ठेवलेला. आमच्या अभ्यासाला घेऊ का? घरच्यांची परवानगी लागते." ती कर्करोगावर संशोधन करते. माझा घास हातातच राहिला. "मेणात? मेणबत्ती केली का माझ्या मायची? ते काही नाय. परत आण. पैठणला सोडायचं राहिलं म्हंजे तिला गती नाय."

ती हसली नाही. उष्ट्या हातानं समजावत बसली. पेशीपेशीत म्हणे कामाच्या सूचना निघत असतात, आणि मायक्रोआरएनए नावाच्या चिटुकल्या पट्ट्या त्यातल्या काहींना गप्प करतात, बस, एवढं पुरे म्हणून. त्या कमी पडल्या की पेशी थांबायचं विसरते, वाढतच जाते. आणि काही पट्ट्या नको तितक्या झाल्या तर आवर घालणाऱ्या सूचनेलाच गप्प करतात. "बाकीचं जुनं होऊन तुटतं गं, पण या पट्ट्या मेणात वर्षानुवर्षं टिकतात. आजीच्या अजून वाचता येतील."

"वाचून ती परत येणार का?"

"नाही. पण पुढच्या एखाद्या बाईची गाठ कसली आहे ते लवकर ओळखता येईल. कदाचित."

कदाचित म्हणाली, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. तरी मनाला चैन पडेना. आपल्या बजाजनगरला आता माळ उरला नाही, सगळी गर्दी; शहरातला छावणी भाग गाठायला बसनं तास जातो, पण गेले तिथल्या देवळातल्या गुरुजींकडं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, माझ्या दोन दाढा डॉक्टरकडंच राहिल्यात. मेल्यावर मी त्यांच्यामागं हिंडू व्हय? जे अग्नीला दिलं, त्याच्याच अस्थी सोडायच्या. हे तर आईंनी जितेपणीच अंगावेगळं केलं. त्याचं काय बी अडत नाय." देवासमोर बसून मी लई हसले, माय. छातीवरची धोंड उतरली. येताना बसमध्ये तूच दिसत होतीस. टँकरच्या रांगेतून आणलेल्या पाण्यात मी तांदूळ धुते, धुवण मोरीत ओतते, आणि तू टपली मारतेस, "अवदसे, काम निघतंय तवर टाकायचं नाय!" घरी आल्या आल्या लेकीला म्हटलं, आण तो कागद, सही करते.

दादाला अजून सांगितलं नाही, तो लगेच पैठणला गाडी काढील. ही चिठ्ठीही कुठं धाडायची नाही, म्हणून लिहिते. परत आण म्हणाले ते सगळंच तुझ्या गतीसाठी नव्हतं. तो तुकडा मला एकदा हातात घ्यायचा होता.