जावेच्या पट्ट्या तिच्या तिला परत मिळणेबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
नैतिकता समिती,
सह्यसागर वनौषधी संशोधन केंद्र व रुग्णालय,
रत्नागिरी.

अर्जदार : सौ. नम्रता विनोद शितप, रा. मालगुंड, ता. जि. रत्नागिरी.

विषय : पायाच्या जखमेवरील पट्टीच्या चाचणीतून माझे नाव कमी करून माझी धाकटी जाऊ सौ. राजश्री भिकाजी शितप हिचे नाव कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) याच्या अगदी उलट मागणी करणारा माझा मागील अर्ज.
२) तो फेटाळल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी व राजश्री सख्ख्या जावा असून आमचे घर एक, मध्ये भिंत व अंगण सामाईक आहे. दोघींनाही मधुमेह आहे. माझ्या टाचेला नवीन चप्पल लागून जखम झाली. तिच्या करंगळीपाशी कातळाच्या सड्यावरून गवत आणताना काटा मोडला. दोन्ही जखमा भरेनात. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीतून काढलेले औषध पट्टीत घालून ते जखमेत हळूहळू उतरवण्याची चाचणी आपल्या केंद्रात सुरू असल्याचे मला आमच्या महिला बचत गटाच्या बैठकीत समजले. मी गटाची सचिव आहे. राजश्रीला केंद्रात मीच घेऊन आले, ही बाब कृपया नोंदीत असावी.

२. डॉ. मनस्वी यांनी समजावले की, नेहमीचे उपचार सर्वांचे चालूच राहतील. त्याशिवाय काहींना औषधाची पट्टी मिळेल, काहींना दिसायला तशीच परंतु औषध नसलेली. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नसते व डॉक्टरांनाही नसते. प्रत्येकीच्या पट्टीवर तिचा नंबर असेल. सही करताना हे मला पटले होते. राजश्रीची जखम भरू लागली तेव्हापासून पटेनासे झाले.

३. तपासणीच्या दिवशी कनीज सिस्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनाने उतरवून घेत. राजश्रीचा आकार काजूएवढा झाला, मग चिंचोक्याएवढा झाला. माझा आकार तालुक्याच्या नकाशासारखा होता, तो तसाच राहिला. सिस्टर तिला "छान हं" म्हणत आणि मला "साखर सांभाळा" म्हणत. वाडीतल्या बायका तिचा पाय बघायला येऊ लागल्या. त्या माझ्या दारावरून जात, पण माझा पाय कोणी बघायला मागितला नाही.

४. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिची घावणे जाळीदार होतात आणि माझी तव्याला चिकटतात. तिचे यजमान भिकाजीभाऊ गावातच बागेत कामाला असल्याने दुपारी जेवायला घरी असतात. माझे यजमान मुंबईला असून गणपतीत दिसतात. याबाबत मी आजवर कोणत्याही कार्यालयात अर्ज केलेला नाही. परंतु परसातले रतांब्याचे झाड वाटणीत माझ्याकडे आलेले आहे. औषध रतांब्याचे, रतांबा माझा आणि गुण तिला, हे मला सहन झाले नाही.

५. मी डॉ. मनस्वी यांना स्पष्ट विचारले, "मॅडम, तिला खरी पट्टी आणि मला खोटी, असंच ना?"

त्या म्हणाल्या, "काकू, मला खरंच माहीत नाही. नंबर कॉम्प्युटरनं काढलेत."

मी म्हटले, "कॉम्प्युटरलाही तीच आवडली वाटतं."

त्यानंतर मी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. आमचे नंबर बदलावेत, ते शक्य नसल्यास माझी जखम तिच्या बरोबरीस येईपर्यंत तिची पट्टी थांबवावी, अशी माझी मागणी होती. आपण ती नाकारली. आपले पत्र मी अंगणात उभी राहून मोठ्याने वाचले आणि मला रडू आले. राजश्री तुळशीपाशी होती. तिने पत्र माझ्या हातातून घेतले, नीट घडी घातली आणि परत दिले.

६. यानंतर माझी जखम भरायला लागली. समितीने कागदावर नकार देऊन आतून माझे काम केले, असा माझा समज झाला व मनातल्या मनात मी आपले आभारही मानले. त्याच सुमारास राजश्री लंगडू लागली. चपला घालून पाण्याला जाणारी बाई भिंतीला धरून चालू लागली. मला ते दिसत होते. तिला मी विचारले नाही. वाईट वाटायला हवे होते, महोदय, पण मला बरे वाटले. त्या दिवशी मी शिरा केला, आणि वाटीभर तिच्याकडेही पाठवला.

७. पुढच्या तपासणीला ती आली नाही. ताप आहे म्हणाली. कनीज सिस्टरनी माझ्या टाचेची पट्टी काढली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "काकू, ही पट्टी तुमची नाही." तिच्यावर राजश्रीचा नंबर होता.

पट्ट्या घरीच बदलायच्या असतात व तोवर थंड ठेवाव्या लागतात. आमच्या दोन बिऱ्हाडांत फ्रीज एकच, तो माझ्याकडे. राजश्री दूध घ्यायला आली की आपल्या पट्ट्या माझ्या पाकिटात आणि माझ्या पट्ट्या आपल्या पाकिटात घालून जात असे. मी पाकिटावरचा नंबर बघत होते, पट्टीवरचा कधी बघितलाच नाही.

तसेच रिक्षा करून घरी गेले. ती खाटेवर होती. करंगळी काळी पडली होती. भिकाजीभाऊंना बागेतून बोलावून आम्ही तिला आपल्या रुग्णालयात आणले. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

८. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारले, "का केलंस हे?"

ती म्हणाली, "वैनी, तुमी रोज माज्या पायाकडं बगत बसायच्या. मना माजा पायच नको झाला."

मी म्हटले, "मग मला सांगायचं होतंस."

ती म्हणाली, "सांगितला असता तर तुमी लावली असती काय?"

नसती लावली. हे तिने बरोबर ओळखले, याचाही मला राग आला.

डॉ. मनस्वी म्हणतात की, चाचणी संपून नंबर उघडेपर्यंत कोणती पट्टी खरी हे सांगता येणार नाही, तिची जखम चालण्यानेही चिघळली असू शकेल आणि माझी आपोआपही भरली असू शकेल. तसे असू शकेल. मला मात्र टाच टेकताना रोज तिची करंगळी आठवते.

९. आता नियम मोडल्यामुळे आम्हा दोघींची नावे कमी होणार, असे समजते. राजश्रीने सर्व दोष आपला असल्याचे लिहून दिले असून माझे नाव ठेवावे, अशी विनंती केल्याचेही समजते. तिची विनंती मान्य करण्यास माझी सक्त हरकत आहे. वाडीत तिला आताच देवमाणूस म्हणू लागले आहेत. मी रोज डबा घेऊन वॉर्डात जाते, तर शेजारच्या खाटेवरची बाई मला विचारते, "ह्यांनीच ना जावेसाठी बोट दिलं?" आणि जाऊ कोण, हे मला तिथे सांगावे लागते. तरी विनंती की,

(अ) माझे नाव कमी करावे व दोष माझ्याकडे लावावा. तिला तसे करण्यास माझ्या वागण्याने भाग पाडले.

(ब) राजश्रीचे नाव कायम ठेवावे व तिच्या नंबरच्या पट्ट्या करंगळीच्या जागी आता असलेल्या तिच्याच जखमेवर लावाव्यात. माझ्या फ्रीजमधील उरलेल्या पट्ट्या सोबत जमा करीत आहे. सिस्टरनी सांगितले त्या दिवसापासून मी त्यांना हात लावलेला नाही.

(क) हा अर्ज गोपनीय ठेवू नये. तिने माझ्यासाठी काय केले हे गावभर झाले आहे. मी तिच्यासाठी काय केले, हे निदान तिला तरी कळले पाहिजे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
सौ. नम्रता विनोद शितप

ठिकाण : मालगुंड
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) चाचणीतून बाहेर पडत असल्याचे माझे संमतिपत्र.
२) राजश्रीच्या नंबरच्या न फोडलेल्या पट्ट्या, बर्फाच्या डब्यात. डबा माझा आहे, तो परत मिळावा.