आईचे सैल केलेले गाऊन

१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तू बरी असशीलच, तू नेहमीच बरी असतेस. आई शुद्धीवर आहे. चहा मागून झाला, नर्सला दोन टोमणे मारून झाले.

तुझंच खरं निघालं. तीनदा सुईने पोटातलं पाणी काढूनही जे कळलं नाही, ते पोटात दुर्बीण घातल्यावर अर्ध्या तासात दिसलं. बेंबीजवळ पेराएवढं छिद्र, बस. सर्जनबाईंनी मला फोटो दाखवला. पोटाच्या आतल्या अस्तरावर खसखशीसारखे पांढरे दाणे होते. त्यांचे तुकडे तपासले, आज रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, क्षय आहे. सहा महिने गोळ्या, मग बरी होईल.

आईला रिपोर्ट आणि तुझा अंदाज, दोन्ही सांगितलं तर म्हणते, "बघ, माझ्या डॉक्टरीणबाईंनी तिकडे बसून ओळखलं!"

"आणि मी इथे बसून काय केलं गं?"

"तू? तू भांडलीस माझ्याशी," म्हणाली आणि हसली. मीही हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

सर्जनबाईंनी विचारलं, "तिसऱ्या सुईनंतर सात आठवडे कुठे होतात?" आई ठसक्यात म्हणाली, "अहो, पोट वाढलंच नव्हतं. गाऊन तसेच बसत होते की!"

दर चार-आठ दिवसांनी, ती दुपारी झोपली की, तिचे चारही गाऊन मीच मशीनवर सैल करत होते. दुसऱ्यांचे कपडे शिवून हात बसलेला. तिला टाका कळला नाही.

"ताई, मला क्षय वाटतोय, दुर्बिणीने बघायला सांग," असं तू फोनवर म्हणालीस, ते मी तिला तेव्हा सांगितलंच नाही. पाणी ओसरतंय, पथ्य लागू पडतंय, असं सांगत राहिले. दोन वर्षं तिला न्हाऊ घालतेय मी, आणि तू एका वाक्यात तिला बरी करणार? तू चुकावीस असं मला वाटत होतं. तू चुकली असतीस तर आईचं काय झालं असतं, हा विचार तिला धाप लागली तेव्हा सुचला.

ती "धाकटीला बोलाव" म्हणतेय. ये.

हे पत्र तिला वाचून दाखव म्हणालीस तर दाखवीन. नको म्हणालीस, तर ते तुझं मोठेपण. त्याचाही मला हेवा वाटेल.

तिच्या उशाशी बसलेली,
तुझी ताई